लाँचच्या कठड्यावरून : मुंबई बंदरातील विहारनौका, त्यांचे प्रेक्षक आणि भोसरीचा पट्टा

मुंबई बंदरातील विहारनौकांचा इतिहास आजवर मालकांच्या आणि क्लबांच्या बाजूने लिहिला गेला आहे. दुसऱ्याच कामासाठी पाण्यावरून जाताना लाँचच्या कठड्याला टेकून या नौका न्याहाळणाऱ्या, आणि तशी नौका आपली व्हावी अशी आशाही कधी न बाळगलेल्या असंख्य माणसांची बाजू त्यात फारशी येत नाही. विहारनौका म्हणजे व्यापार, मासेमारी किंवा लढाई यांपैकी कशासाठीही नव्हे, तर केवळ फिरण्यासाठी वा शर्यतीसाठी बांधलेली नौका. ती शिडावर चालणारी असली तर तिला नुसते यॉट म्हणतात, आणि इंजिनावर चालणारी, आत निजण्या-रांधण्याची सोय असलेली असली तर मोटरयॉट. समुद्र आणि पुण्याजवळचे भोसरी यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री उभा असल्यामुळे या गावाचा अशा नौकांशी काय संबंध, असा प्रश्न पडणे रास्त आहे. पण मुळा-पवनेचे पाणी, डिझेल इंजिनांचे कारखाने आणि औद्योगिक वसाहतीची गुरुवारची साप्ताहिक सुट्टी या वाटांनी हा संबंध जुळतो, आणि तो वरवरचा नाही.

दुसऱ्याच्या नौका पाहण्याला मुंबईत जे रूप आले त्याचे कारण बंदराच्या रचनेत आहे. युरोप-अमेरिकेतील किनारी शहरांत खासगी नौकांसाठी मरिना असतात. मरिना म्हणजे लाटा अडवणारे बांध घालून राखलेली, फाटक आणि पहारा असलेली, प्रत्येक नौकेला ठरावीक जागा देणारी बंदिस्त गोदी. तेथे बाहेरच्या माणसाला नौका दिसते ती कुंपणाच्या जाळीतून. मुंबईत मरिना उभारण्याचे प्रस्ताव वेळोवेळी मांडले गेले, तरी अपोलो बंदरासमोरच्या, म्हणजे जुन्या बोलीतल्या पालव्यासमोरच्या, खासगी नौका उघड्या पाण्यातच राहत आल्या आहेत. त्या नांगर टाकून उभ्या असतात किंवा तळाशी साखळीने जखडलेल्या तरंगत्या बोयाला बांधलेल्या असतात. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीच्या पातळ्यांत चार मीटरहून अधिक अंतर पडते, त्यामुळे दगडी धक्क्याला नौका कायमची बांधून ठेवणे सोयीचे नाही, आणि मालकालाही स्वतःच्या नौकेपर्यंत छोट्या होडीतूनच जावे लागते. घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी लाँचांची वाट नेमकी याच नांगरवाड्यातून जाते. गेटवेच्या पायऱ्यांशी लाँच एकमेकींना खेटून उभ्या असतात, प्रवासी एका लाँचवरून दुसरीवर पाय टाकत आपल्या लाँचमध्ये पोचतात आणि नांगर उचलल्यावर पहिल्या काही मिनिटांतच कोट्यवधींच्या नौकांच्या अगदी जवळून पुढे सरकतात. ज्याच्यापासून श्रीमंती इतरत्र कुंपणाआड ठेवली जाते, त्या सामान्य प्रवाशाला मुंबईत तिचे सर्वांत जवळचे दर्शन घडते, आणि हे कोणी ठरवून केलेले नाही.

विहारनौका आणि मुंबई यांची गाठ मात्र फार जुनी आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर परतला तेव्हा ॲम्स्टरडॅम शहराने त्याला ‘मेरी’ नावाची नौका भेट दिली आणि इंग्लंडमध्ये राजघराण्याच्या नौकाविहाराची प्रथा तिच्यापासून रुजली. पुढच्याच वर्षी झालेल्या विवाहकरारात पोर्तुगालकडून मुंबई बेट याच राजाला आंदण मिळाले. चार्ल्सला नौकेचा छंद जडला, मुंबईचा मात्र भार वाटला, आणि १६६८ मध्ये त्याने हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. कंपनीच्या गव्हर्नरांनी पुढे स्वतःसाठी यॉट बाळगली, पण या किनाऱ्यावर ती निव्वळ शोभेची असणे परवडणारे नव्हते, म्हणून तिच्यावर तोफा चढवलेल्या असत.

अशाच एका यॉटवर मराठी आरमाराची नजर पडली ती नोव्हेंबर १७१२ मध्ये. कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन आणि त्याची तरुण पत्नी यांना घेऊन ‘ॲन’ हे जहाज मुंबईकडे येत होते आणि गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची सशस्त्र यॉट त्याच्या सोबतीला होती. कान्होजी आंग्र्यांच्या ताफ्याने त्यांना वाटेत गाठले, चाऊन तोफगोळ्याने ठार झाला आणि जहाज, यॉट व चाऊनची पत्नी आंग्र्यांच्या हाती लागली. पुढच्या वर्षी तहाची बोलणी होऊन तीस हजार रुपये मोजल्यावर बाईंची सुटका झाली. इंग्रज ग्रंथकारांनी हा प्रसंग चाचेगिरी म्हणून रंगवला. मराठी बाजूने पाहिले तर आरमाराच्या सरखेलाने आपल्या हद्दीतून परवान्याविना जाणाऱ्या परकी जहाजांवर हक्क बजावला, एवढाच त्याचा अर्थ होतो. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की कोकणच्या दर्यावर्दींनी परकी विहारनौका प्रथम पाहिली ती कौतुकाने नव्हे, तर तिच्या तोफा आणि तिचा वेग मोजण्यासाठी. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते, म्हणजे अनुक्रमे तोफा वाहणाऱ्या दोन-तीन डोलकाठ्यांच्या नौका आणि शीड व वल्ही दोन्हींवर पळणाऱ्या चपळ नौका, याच पाण्यात घडल्या होत्या, आणि त्यांच्या तांडेलांना दुसऱ्याची नौका वाचण्याची कला पोटापाण्यासाठी आणि जिवासाठी अवगत करावी लागत होती. निव्वळ कौतुकाने पाहण्याची चैन, समुद्रावरील सत्ता हातची गेल्यानंतर आली.

ती आली एकोणिसाव्या शतकात. १८४६ मध्ये मुंबईत यॉट क्लब स्थापन झाला, १८७६ मध्ये त्याला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली, आणि पुढे अपोलो बंदराच्या पाण्यालगत त्याची इमारत उभी राहिली. क्लबच्या वतीने रेगाटा होत. रेगाटा म्हणजे ठरावीक मार्गावर, ठरावीक नियमांनी होणाऱ्या नौकांच्या शर्यतींचा मेळावा. सभासद व्हरांड्यात बसून शर्यत पाहत, आणि बंदरावर संध्याकाळी हवा खायला आलेले पारशी, गुजराती, मराठी नागरिक तीच शर्यत कठड्यापाशी उभे राहून पाहत. या क्लबाची दारे भारतीयांना बंद होती आणि ती उघडली स्वातंत्र्यानंतरच. एका बाजूला पाणी सर्वांचे आणि दुसऱ्या बाजूला व्हरांडा मूठभरांचा, अशी ही विभागणी होती. तिच्यातला विरोधाभास असा की ज्या बंदरात हे चालले होते त्याच बंदरात, लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून आल्यापासून, वाडिया घराण्यातील सुतार-वस्तादांनी ब्रिटिश आरमाराला सागवानी युद्धनौका बांधून दिल्या होत्या. त्यांपैकी १८१७ ची ‘ट्रिंकोमली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. नौका घडवणाऱ्याला क्लबात प्रवेश नाही आणि तिच्यात बसणाऱ्याला तिची एक फळीही बसवता येत नाही, ही स्थिती साहेबांना खटकल्याचे दिसत नाही. पाण्याकाठची ती जुनी इमारत स्वातंत्र्यानंतर अणुऊर्जा खात्याकडे गेली. क्लब मागच्या बाजूच्या निवासी इमारतीत राहिला आणि त्याच्या सीबर्ड वर्गाच्या शिडाच्या नौका अजूनही त्याच पाण्यात शर्यती करतात.

वाफेचे इंजिन या बंदरात आले ते विहारासाठी नव्हे, टपालासाठी. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही बाजूला चाके असलेली आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझकडे निघाली, कोळसा भरण्यासाठी वाटेत थांबत तिने तो पल्ला गाठला, आणि हिंदुस्थान-इंग्लंड टपालाचे गणितच बदलले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अर्देशर कर्सेटजी वाडिया यांनी ‘इंडस’ नावाच्या लहान नौकेत वाफेचे इंजिन बसवून दाखवले. याच अर्देशरांना १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य होण्याचा मान मिळाला. दुसऱ्याने बनवलेले यंत्र बारकाईने पाहायचे, समजून घ्यायचे आणि मग आपल्या हातांनी बसवायचे, ही जी पाहण्याची तिसरी रीत आहे तिचा मुंबईतील आरंभ अर्देशरांपासून मानायला हरकत नाही. लढण्यासाठी पाहणे आणि कौतुकाने पाहणे यांच्या तुलनेत ही रीत पुढे अधिक टिकली, आणि भोसरीशी नाते जुळते ते तिच्यामुळेच.

शतकाच्या उत्तरार्धात कोकणच्या प्रवासी आगबोटी सुरू झाल्या आणि पाहणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. भाऊच्या धक्क्यावरून रेवस-धरमतर, आणि दक्षिणेकडे हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाणाऱ्या या बोटी गिरणीत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या चाकरमान्यांच्या होत्या. वंगभंगाच्या चळवळीच्या भरात, १९०६ मध्ये, परकी कंपनीशी टक्कर देण्यासाठी स्वदेशी भांडवलावर एक आगबोट कंपनी निघाली आणि लोकांनी तिला ‘माझी आगबोट’ असे नाव दिले. मालकी हक्काचा असा जाहीर उच्चार या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणत्या बोटीच्या वाट्याला आला नसावा. डेकवर वळकट्या पसरून बसलेल्या, बोट लागून हैराण झालेल्या प्रवाशाला बंदरात शिरताना-निघताना गोऱ्यांच्या पांढऱ्या यॉट दिसत. या प्रवासाचा दुसरा चेहराही विसरता येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या काळात यॉट पावसाळ्यापूर्वीच पाण्याबाहेर ओढून झाकून ठेवल्या जात. चाकरमान्याला मात्र अमावास्येच्या सणाला घरी पोचायचे असे.

संस्थानिकांचा ठसा या कथेत एका वेगळ्याच प्रकारे उमटला. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे मोठे प्रवासी जहाज घेऊन, इतर संस्थानिकांच्या साहाय्याने, त्याचे ‘लॉयल्टी’ नावाचे इस्पितळ-जहाज केले. युद्ध संपल्यावर ते वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतले आणि त्यावर उभारलेल्या कंपनीला शिंद्यांचेच नाव दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनच्या वाटेला लागली, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मूळचे सोलापूरचे वालचंद पाण्यावरच्या कुणाच्याही नौकेकडे पाहताना तिच्या मालभाड्याचा हिशेब मांडत, असे त्यांच्या एकंदर कारकिर्दीवरून वाटते. परकी जहाज पाहून हरखण्यापेक्षा ते विकत घेणे त्यांना अधिक सोपे वाटले.

किनाऱ्यावर हे चालले असताना घाटमाथ्यावर, पुण्याच्या नद्यांत, याच करमणुकीची छोटी आवृत्ती तयार झाली होती. बंडगार्डनला मुळा-मुठेवर बंधारा घालून पाणी अडवल्यावर तेथे बोट क्लब उभा राहिला, पुढे त्याला ड्यूक ऑफ कॅनॉटचे नाव मिळाले, आणि आज ‘बोट क्लब रोड’ या पत्त्यात तो सर्वांच्या तोंडी आहे. खडकीला मुळेच्या काठी बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे मुंबई लष्करातील अभियंता दलाच्या, वल्हवण्याच्या शर्यती होत. शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने १९२८ पासून आपला रेगाटा चालवला आणि पुणेकरांना ती शर्यत स्वतःची वाटू लागली, कारण येथे वल्ही मारणारी मुले त्यांच्याच घरची होती. भोसरी गाव या पाण्यापासून फार दूर नाही. दक्षिणेला कासारवाडी-दापोडीकडे पवना आहे, ती दापोडीला मुळेला मिळते, आणि उत्तरेला मोशी-आळंदीकडे इंद्रायणी. तालीम, कुस्ती आणि कबड्डी यांत नाव काढलेल्या या गावाला नौकाविहाराचे वेड असण्याचे कारण नव्हते, आणि ते वेड नव्हतेही; गावाच्या तळ्याकाठी महापालिकेने सहल केंद्र केले तेव्हा होडीत बसण्याची हौस तेथे भागू लागली, एवढेच. मात्र १९४८ मध्ये लष्करी अभियांत्रिकीचे शिक्षणकेंद्र रुडकीहून दापोडीला आले, १९५१ पासून ते कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि भोसरीच्या शिवेलगत रोइंगचा, म्हणजे पाठमोरे बसून लांब वल्ह्यांनी अरुंद नौका पळवण्याच्या खेळाचा, लष्करी तळ तयार झाला. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ सैन्यात आल्यावर याच परिसरात वल्हवायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये तेरावा आला. याच अभियंता दलाच्या अधिकाऱ्यांनी ‘तृष्णा’ या शिडाच्या यॉटमधून सप्टेंबर १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. मुंबईहून निघून मुंबईलाच परतलेली ती पहिली भारतीय जगप्रदक्षिणा होय. व्हरांड्यातून वगळलेल्यांच्या पुढच्या पिढीने सुकाणू हाती घेतल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

तरीही भोसरीच्या पट्ट्याचा खरा वाटा इंजिनाचा आहे. जर्मनीत गॉटलिब डाइमलरने १८८६ मध्ये आपले पेट्रोल इंजिन एका होडीत बसवून नेकर नदीवर चालवून पाहिले, म्हणजे मोटरबोट ही मोटारगाडीची जुळी बहीण ठरते. पुढे डिझेल इंजिन आले, आणि पेट्रोलपेक्षा त्याच्या इंधनाला आगीचा धोका कमी व खर्चही कमी असल्यामुळे समुद्रावर त्याने जम बसवला. स्वातंत्र्यानंतर मासेमारीच्या यांत्रिकीकरणाला सरकारने कर्जे आणि अनुदाने दिली. शिडाच्या मचव्यांत इंजिने बसू लागली, आणि कोळीवाड्यात शिडाइतकीच डिझेलच्या भावाची चर्चा सुरू झाली. ही इंजिने येत होती त्यांपैकी काही घाटमाथ्यावरून. खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली, चिंचवडला रस्टन अँड हॉर्न्सबीचा कारखाना होता, कोथरूडला १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स आली. शेतीचे पंप आणि जनरेटर ही त्यांची मुख्य गिऱ्हाइके असली तरी नौकांसाठीही त्यांची इंजिने जात. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरीच्या माळावर टी, जे, एस अशा अक्षरांनी ओळखले जाणारे ब्लॉक उभे राहिले, तेव्हा या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या टर्निंग, मिलिंग, ओतकाम, शीटमेटल आणि फायबरग्लासच्या शेकडो शेड तेथे आल्या.

जमिनीवरचे इंजिन नौकेत जसेच्या तसे चालत नाही, आणि हा फरक ज्याला कळतो त्याला दुसऱ्याची नौका वेगळी दिसते. मोटारीत रेडिएटरला वाऱ्याने थंड करता येते. नौकेच्या पोटात वारा नसतो, म्हणून समुद्राचे पाणी पंपाने आत ओढून एका उष्णता-विनिमयकातून फिरवतात, तेथे ते इंजिनातले गोडे पाणी थंड करते, आणि मग खारे पाणी धुरासोबत बाहेर टाकले जाते. उभ्या मोटरयॉटच्या मागच्या अंगाला पाण्यालगतच्या नळीतून ठराविक ठेक्याने पिचकारी उडते ती हीच; ती थांबली तर इंजिन तापणार हे ओळखायला मालकी लागत नाही. खाऱ्या पाण्यात पोलाद आणि कांसे एकत्र आले की विद्युत-रासायनिक क्रियेने धातू खाल्ला जातो, तो वाचावा म्हणून पंख्याच्या दांड्याजवळ जस्ताचे तुकडे बसवतात, जस्त आधी झिजते आणि दांडा वाचतो. अशा भागाला बळी देण्याचा धातू म्हणतात. नौकेच्या तळाचा आकारही दोन तऱ्हांचा असतो. एका तऱ्हेत गोलसर तळ पाणी बाजूला सारत संथ चालतो, लांबच्या प्रवासाला हा बरा. दुसऱ्या तऱ्हेत व्ही आकाराचा तळ वेग वाढताच पाण्यावर उचलला जातो आणि नौका घसरगुंडीवरच्यासारखी पळते, मात्र डिझेलही त्याच वेगाने पिते. छतावरचे दुसरे सुकाणू, रडारची कमान, डाव्या अंगाचा लाल आणि उजव्या अंगाचा हिरवा दिवा, मागच्या काठीवरचे निशाण, एवढ्यावरून जाणता माणूस नौकेची अर्धी कुंडली मांडतो. निशाण माल्टाचे किंवा केमन बेटांचे आणि मालक मलबार हिलचा, असे आढळले तर त्यात नवल नाही. जगातील बड्या विहारनौका कर आणि नियम सैल असलेल्या देशांत नोंदवण्याची रीतच आहे.

गेल्या तीन-चार दशकांत मुंबईच्या पाण्यातील अशा नौकांचे मालक बदलले. साहेब आणि संस्थानिक गेले, उद्योगपती आणि चित्रपटसृष्टीतली माणसे आली. या काळातील सर्वांत बोलकी नौका ‘कॅलिझ्मा’ ठरावी. १९०६ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे ती वाफेवर चालणारी यॉट म्हणून बांधली गेली, पुढे तिच्यात डिझेल इंजिने आली, १९६७ मध्ये नट रिचर्ड बर्टनने ती एलिझाबेथ टेलरसाठी घेऊन तिला मुलींच्या नावांची अक्षरे जोडून हे नाव दिले, आणि १९९० च्या दशकात विजय मल्ल्या यांच्याकडे येऊन ती मुंबईत दिसू लागली. मल्ल्यांची त्यानंतरची ‘इंडियन एम्प्रेस’ पंच्याण्णव मीटर लांबीची होती, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाच्या सव्वीस मीटर उंचीच्या साडेतीनपटीहून अधिक. खलाशांचे पगार थकल्यामुळे २०१८ मध्ये माल्टाच्या बंदरात तिच्यावर जप्ती आली आणि तिचा लिलाव झाला. मालक कोण हे पाहण्याऐवजी खलाशांना पगार मिळतो का हे पाहण्याची सवय प्रेक्षकांनी लावून घेतली असती, तर पुष्कळ नौकांचे कौतुक आधीच आटले असते.

मांडव्याकडची बाजूही याच काळात पालटली. अलिबाग तालुक्यातील किनाऱ्यावर मुंबईकर धनिकांचे बंगले झाले, मांडव्याला लाटा अडवणारा बांध झाला, आणि १५ मार्च २०२० रोजी भाऊच्या धक्क्यावरून मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. टाळेबंदीमुळे ती लगेच थांबली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा चालू झाली. रस्त्याने शंभर किलोमीटरच्या घरात जाणारा वळसा पाण्यावर तासाभराचा होतो. भोसरीहून येणारा माणूस मात्र बहुधा उलट्या दिशेने या पाण्याशी पोचतो. विजेच्या वाटपासाठी औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठेवण्याची पद्धत पडली आणि भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे शनिवार-रविवारची मुंबईकरांची झुंबड टाळून खोपोली, पेण, वडखळ या रस्त्याने अलिबाग गाठता येते, आणि आडवारी मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिले तर मालकांविना डुलणाऱ्या मोटरयॉट निवांत पाहता येतात. आठवडाभर सिलिंडरचे लायनर किंवा इंजेक्टरचे सुटे भाग मायक्रॉनच्या मापात तपासणाऱ्याला त्या नौकेच्या पोटात काय आहे याचा अंदाज तिच्या मालकापेक्षा चांगला असण्याचीच शक्यता अधिक. हे पाहणे लाचारीचे नाही की हेव्याचेही नाही, ते कारागिराचे आहे, आणि अर्देशरांच्या परंपरेत बसणारे आहे.

या कौतुकाला धोका नाही असे मात्र समजू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. तिच्या नव्या इंजिनाची चाचणी चालू होती, ती वळणे घेत पळत होती, आणि लाँचवरचे प्रवासी धडकेच्या क्षणापर्यंत तिचे मोबाइलवर चित्रण करत होते. पंधरा जण गेले. नांगरवाडा, प्रवासी वाट आणि वेगाच्या चाचण्या एकाच उघड्या पाण्यात ठेवण्याची किंमत कोण देतो, याचे उत्तर त्या दिवशी मिळाले. सुरक्षा-जॅकेटांची सक्ती त्यानंतर कडक झाली. वाटा वेगळ्या करण्याचे काम त्याहून अवघड आहे, आणि ते झाले तर लाँचच्या कठड्यावरून होणारे हे जवळचे दर्शन बऱ्याच अंशी संपेल. तो सौदा तोट्याचा म्हणता येणार नाही.

क्लबांनी आपल्या रेगाटांच्या नोंदी सांभाळल्या आहेत, जहाज कंपन्यांचे दप्तर काही प्रमाणात शिल्लक आहे आणि धनिकांच्या नौकांची छायाचित्रे तर मुबलक आहेत. खडकी, चिंचवड आणि भोसरी येथे १९६० आणि १९७० च्या दशकांत नौकांची इंजिने जोडणारे, टेस्ट-बेडवर ती तासन् तास चालवून पाहणारे आणि कधी ती बसवून द्यायला कोकणातील बंदरांपर्यंत गेलेले फिटर-टर्नर आता निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्याकडची टेस्ट-कार्डे, जॉब-डायऱ्या आणि छायाचित्रे रद्दीत जात आहेत. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासावर काम करणाऱ्या महाविद्यालयांनी आणि कामगार संघटनांनी हे कागद आणि या माणसांच्या आठवणी येत्या काही वर्षांत गोळा कराव्यात. त्यानंतर त्या विचारायला कोणी उरणार नाही.